हत्ती आणि त्याची झूल



या स्मरणिकेबरोबर तुमच्या पिशवीतून एक हत्ती निघाला असेल. करड्या फेल्टचा, तळहातावर मावणारा, पाठीवर लाल दोऱ्याने विणलेली गोल झूल. ज्यांच्या हत्तीचा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा आहे, त्यांनी तो मी शिवलेला आहे असं समजावं आणि समजून घ्यावं.

संपादक मंडळाने मला ‘हत्तीबद्दल अर्धं पान लिहून दे’ असं सांगितलं होतं. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की हत्तीला स्वतःचा इतिहास आहे आणि झुलीला तिचा वेगळा. दोन्ही इतिहासांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि तोच प्रश्न आपल्या संमेलनाच्या हिशेबाच्या वहीतही येऊन बसला आहे. म्हणून अर्ध्या पानाची एवढी पानं झाली.

आधी वहीचं सांगते. भेटवस्तू काय द्यायची यावर आपल्या ग्रुपवर आठवडाभर खल चालला होता. शाळेचं नाव कोरलेली कीचेन साठ रुपयांना पडत होती. मग आम्ही पाच जणांनी ‘हत्ती करतो’ म्हणून अंगावर घेतलं. चार मुली आणि ‘ब’ तुकडीतला एक मुलगा. (आपण सगळे पंचेचाळिशीच्या पुढे गेलो तरी या लेखात मुलं-मुलीच राहणार आहोत.) फेल्ट, दोरा, आत भरायचा फायबरचा कापूस आणि डोळ्यांचे मणी मिळून एका हत्तीला २२ रुपये लागले. मी सहखजिनदार. मी वहीत लिहिलं: ‘हत्ती, ८० नग, १७६० रुपये. मजुरी: नाही (हौस).’ ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. कीचेनपेक्षा कितीतरी स्वस्तात काम झालं म्हणून मीही खूश होते.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. ऑफिसात दर आठवड्याला कुठल्या कामाला किती वेळ गेला याचा तक्ता भरावा लागतो, पंधरा मिनिटांच्या हिशेबाने. त्याच सवयीने एका रविवारी मी हत्तीला घड्याळ लावलं. कापायला दहा मिनिटं, शिवायला पंचावन्न, कापूस भरून तोंड मिटायला पंधरा, झूल विणायला तीस. एकूण ११० मिनिटं. ८० हत्तींचे झाले जवळजवळ १४७ तास. माझ्या ऑफिसात एवढे तास कुणी तक्त्यात भरलेच नाहीत तर मोठा गहजब होईल. इथे मी स्वतःच्या हाताने ते ‘हौस’ या एका शब्दात गुंडाळून टाकले होते, आणि त्यातले एकशे वीसच्या आसपास तर दुसऱ्यांचे होते.

आता हत्तीकडे वळू.

गिंगेनची शिवणकाम करणारी

हा हत्ती माझ्या डोक्यातून निघालेला नाही. त्याची आजी जर्मनीची. दक्षिण जर्मनीत ब्रेंझ नदीकाठी गिंगेन नावाचं गाव आहे. तिथे १८४७ साली मार्गारेट श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, उजवा हातही अधू झाला. गावातली आणि घरातली मुलं तिला हातगाडीत बसवून शाळेत नेत. ती शिवण शिकली. पुढे बहिणींच्या बरोबरीने तिने शिवणयंत्र घेतलं. गावातलं ते पहिलं शिवणयंत्र म्हणतात. पण यंत्राचं चाक उजव्या हाताने फिरवायचं असतं आणि तिच्या उजव्या हातात तेवढा जोर नव्हता. तिने यंत्रच उलटं फिरवून ठेवलं आणि डाव्या हाताने चाक चालवलं. पाच-सहा वाक्यांत सांगितलं म्हणून हे सोपं वाटतं. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आईचं यंत्र होतं, त्यांनी एकदा उलट्या बाजूला बसून टीप मारून पाहावी.

गिंगेनमध्ये तिच्या नात्यातल्या माणसाचा फेल्टचा कारखाना होता. ते कापड हाताशी असल्यामुळे १८७७ मध्ये तिने फेल्टचे परकर आणि लहान मुलांचे कोट शिवून विकायला सुरुवात केली. १८७९ च्या डिसेंबरात एका फॅशनच्या मासिकात तिला छोट्या हत्तीचा नमुना दिसला. तिने तो फेल्टचा शिवला आणि आत लोकर भरली. हेतू एवढाच की त्यात टाचण्या-सुया खोचून ठेवता येतील. भेट म्हणून तिने ते हत्ती वाटले. ज्यांना मिळाले त्यांच्या घरातल्या मुलांनी टाचण्या काढून टाकल्या आणि हत्ती खेळायला पळवले.

त्या काळी युरोपातली खेळणी बहुतेक लाकडाची, पत्र्याची नाहीतर चिनी मातीची असत. कुशीत घेऊन झोपावं असं खेळणं कारखान्यातून येत नव्हतं. हत्ती मात्र मऊ होता. १८८६ पर्यंत असे पाच हजारांवर हत्ती विकले गेले. मग माकड, गाढव, उंट, डुक्कर आले. १९०२ मध्ये तिच्या भाच्याने, रिचर्डने, हातपाय हलणारं अस्वल बेतलं. पुढच्या वर्षी लाइपझिगच्या खेळण्यांच्या जत्रेत अमेरिकेच्या एका व्यापाऱ्याने त्याची तीन हजारांची मागणी नोंदवली, आणि १९०७ या एका वर्षात पावणेदहा लाखांच्या आसपास अस्वलं तयार झाली. जगभर ज्याला टेडी म्हणतात त्याच्या घराण्यातली ही एक मोठी शाखा. मार्गारेट १९०९ मध्ये गेली.

हा सगळा इतिहास यशाचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. मला मात्र त्यातली एक बाजूची गोष्ट सोडत नाही. पावणेदहा लाख अस्वलं कारखान्याच्या भिंतींच्या आत शिवली गेली नाहीत. कारखान्यात जेवढी माणसं होती, त्याच्या कितीतरी पट आसपासच्या घराघरांत बसून शिवत होती. त्यांत बायका मोठ्या प्रमाणात. घरचं सगळं आवरून, दिव्याखाली. कंपनीचं नाव, भाच्याचं नाव, अस्वलाचा नमुना क्रमांक, सगळं नोंदलेलं सापडतं. त्या घरांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

ज्याला ताणाबाणा नाही असं कापड

हत्ती फेल्टचाच का, याचं उत्तर हत्तीच्या कानात आहे. कानाची कड नीट पाहा. ती दुमडलेली नाही, शिवलेली नाही, तरी तिचे दोरे सुटलेले नाहीत. साध्या सुती कापडाचा एवढा छोटा कान कापला तर तो दोन दिवसांत उसवून जाईल.

आपल्याकडच्या घोंगडीचं उदाहरण घेऊ. धनगरी मेंढीच्या लोकरीचं सूत काढायचं, ताणा लावायचा, त्यात बाणा घालायचा, मग चिंचोक्याची खळ द्यायची. म्हणजे घोंगडी विणलेली असते. फेल्टला सूतही नसतं आणि मागही नसतो. मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर अगदी बारीक खवले असतात. ओलावा, ऊब, साबण आणि सततचा दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि तंतू सुटेनासे होतात. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर बाहुलीला बसेल एवढा होतो, तो याच कारणाने. ज्या चुकीमुळे आपण आईची बोलणी खाल्ली, तीच चूक मुद्दाम केली की फेल्ट तयार होतं. काश्मीर, कच्छ आणि राजस्थानातलं टोंक इथले नमदे असेच बनतात.

हे कौशल्य फार जुनं आहे. सायबेरियात अल्ताई पर्वतावर पाझिरिक नावाच्या जागी थडगी सापडली, सुमारे तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वीची. त्यांत शिरलेलं पाणी गोठलं आणि बर्फाने सगळं जपून ठेवलं. १९४९ मध्ये रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांनी तिथलं पाचवं थडगं उकरलं तेव्हा इतर वस्तूंबरोबर फेल्टचे हंस निघाले. पांढऱ्या अंगाचे, आत भरण घातलेले, पंखांची टोकं काळी. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. कुणाच्या मृत्यूनंतर बरोबर ठेवण्यासाठी का होईना, कुणीतरी बसून हंसाच्या मानेचा बाक जमवला होता. मी त्यांचा फोटो पाहिला तेव्हा मला माझ्या हत्तीच्या कानांची लाज वाटली.

खरं ते सांगायला हवं. तुमच्या हातातला हत्ती मेंढीच्या लोकरीचा नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं रंगीत फेल्ट हे पॉलिएस्टरचं असतं. त्याच्या तंतूंना खवले नसतात, म्हणून कारखान्यात खाचा असलेल्या हजारो सुया वरखाली मारून ते तंतू एकमेकांत गुंतवतात. तत्त्व तेच, साबणपाण्याच्या जागी सुई आली.

कापडाशिवायचं भरतकाम

आता झूल. ती क्रोशाच्या सुईची आहे.

क्रोशे हा फ्रेंच शब्द आहे. त्याचा अर्थ छोटा आकडा. आपल्या आयांच्या पिढीने हे काम इतकं आपलंसं केलं की ते परदेशी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. रुखवतात मांडलेलं तोरण, पाण्याच्या तांब्यावरची मणी लावलेली जाळी, टीव्हीवरचा रुमाल, बाळाचं टोपडं. साखळी, मुका खांब, खांब हे शब्द तर मराठी घरातच तयार झाले.

पण हे काम फार प्राचीन नाही. दोन सुयांवरचं विणकाम बरंच जुनं आहे. क्रोशाचे छापील नमुने मात्र एकोणिसाव्या शतकातच दिसू लागतात. १८२३ साली ‘पेनेलोपे’ या डच मासिकात आलेले बटव्यांचे नमुने हे माहीत असलेल्यांतले सगळ्यांत जुने. त्याआधी काय होतं? अठराव्या शतकात युरोपात एक भरतकाम फार लोकप्रिय झालं. चौकटीवर कापड ढोलासारखं ताणायचं आणि आकड्याच्या सुईने खालचा दोरा वर ओढत साखळी टाका घालत जायचं. हे काम पूर्वेकडून तिकडे गेलेलं. आपल्याकडे ते आरीचं काम म्हणून ओळखलं जातं. कच्छचे मोची लोक चामड्याच्या आरीसारख्याच आकड्याने रेशमावर अप्रतिम भरत. आज लग्नाच्या ब्लाउजवर जे आरी वर्क करून घेतलं जातं, ते हेच. अनेक अभ्यासक असं मानतात की कुणाच्या तरी हातून या कामातलं कापड गळालं आणि नुसती साखळी हवेत राहिली, तिथून क्रोशे सुरू झालं. म्हणजे आयांनी हे काम उगीच आपलंसं केलं नव्हतं. त्याचा एक दोरा इथूनच गेलेला होता.

क्रोशाची एक गंमत अशी की सुईवर कायम एकच फास जिवंत असतो. त्यामुळे चूक झाली तर ओढलं की उसवतं आणि पुन्हा घालता येतं. दुसरी गंमत अशी की खरं क्रोशे कारखान्यातल्या यंत्रांवर होत नाही. बाजारात यंत्रावरची जी लेस क्रोशाची म्हणून मिळते, तिची वीण वेगळी असते. मॉलमध्ये तीनशे रुपयांना क्रोशाचा खरा टॉप टांगलेला दिसला, तर तो कुणीतरी टाका टाका करून हाताने विणलेला आहे. तीनशेमधून दोरा, वाहतूक, दुकानाचं भाडं वजा करा आणि त्या हातांना काय मिळालं असेल याचा अंदाज करा.

दोन नद्या, दोन दुष्काळ नव्हे, पण एकच गोष्ट

क्रोशे हौसेतून पोटाकडे वळलं ते आयर्लंडमध्ये. १८४५ पासून तिथे बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सगळं जेवण बटाट्यावर. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक इथल्या ऊर्सुलाइन जोगिणींनी आणि ठिकठिकाणच्या शाळांनी मुलींना क्रोशे शिकवलं. क्लोन्स गावात कॅसान्ड्रा हँड या धर्मगुरूंच्या पत्नीने १८४७ पासून हे काम उभं केलं. व्हेनिसची सुईची लेस अतिशय महाग, कारण ती करायला महिनेच्या महिने लागत. आकड्याच्या सुईने तशीच दिसणारी लेस कितीतरी लवकर व्हायची. कुणी फक्त गुलाब विणायचं, कुणी फक्त पानं, कुणी ती जाळीने जोडायचं. काही घराण्यांची स्वतःची फुलं असत आणि ती ते शेजाऱ्यांना शिकवत नसत. लंडन-पॅरिसच्या बायकांच्या गळ्याभोवतीची ती लेस विकून त्या मातीच्या झोपड्यांत धान्य आलं, भाडं भागलं, अनेकांचं अमेरिकेचं तिकीट निघालं. इथे तरी विणकामाची किंमत कुणी नाकारू शकत नव्हतं. जिवंत राहणं हीच ती किंमत होती.

दुसरी गोष्ट आपल्या नदीची आहे. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, तिथे नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने तिथल्या बायकांना लेस शिकवली. आज तिथलं काम क्रोशाचंच आहे आणि ते परदेशी जातं. १९८२ साली मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचं नरसापूरच्या लेस विणणाऱ्यांवर पुस्तक आलं. त्यातलं निरीक्षण असं: व्यापाऱ्याचा माणूस घरी दोरा देऊन जातो, विणलेलं घेऊन जातो. इथेही कामाचे तुकडे पाडलेले असतात. फुलं एकीची, जोडणी दुसरीची. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा ते आठ तास विणतात. पण त्यांना कामगार म्हणत नाहीत. त्या गृहिणी, आणि हे त्यांचं फावल्या वेळातलं काम. ‘फावला वेळ’ म्हटलं की मजुरी कितीही कमी देता येते, कारण ती मजुरी नसतेच, वरखर्चाला हातभार असतो. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहे. मानांकनात गावाचं नाव येतं. तास त्यात येत नाहीत.

हे वाचताना मला माझी वही आठवली. ‘हौस’ लिहिताना माझ्या मनात काही वाईट नव्हतं. व्यापाऱ्यांच्याही मनात रोज वाईट असेल असं नाही. शब्दच असा सोयीचा आहे.

बाईंचा तास

आता आपल्या शाळेकडे येते. आठवड्यातून दोनदा, मधल्या सुट्टीनंतर कार्यानुभवाचा तास असायचा. मुली विणकाम-भरतकामाला, मुलं खडू आणि मेणबत्त्यांना. दहावीच्या गुणपत्रिकेत त्याची फक्त श्रेणी यायची, टक्क्यांत त्याचा काही भाग नसायचा. त्यामुळे त्या तासाला भूमितीची गृहपाठाची वही मांडीवर ठेवून प्रमेयं सोडवणाऱ्यांत मी होते.

हा विषय शाळेत आला कसा, याचाही इतिहास आहे आणि तो महाराष्ट्रात सुरू होतो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. मुलांनी एखादा हाताचा उद्योग शिकावा एवढंच त्यांचं म्हणणं नव्हतं. त्या उद्योगातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकवावा, असं होतं. टकळीवर सूत काढताना मोजणी येते, कापूस कुठून आला म्हणताना भूगोल येतो. झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम केला आणि ‘नई तालीम’ उभी राहिली. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. आपल्यापर्यंत तो पोचला तेव्हा त्याचा गणिताशी आणि भूगोलाशी संबंध तुटला होता. तास उरला होता, आणि श्रेणी.

बाईंचा मात्र तुटला नव्हता. आठवीत त्यांनी गोल रुमाल घालायला दिला होता. माझा रुमाल तिसऱ्या फेरीनंतर वाटीसारखा वर वळला. बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला, एक टोक ओढलं आणि सगळा उसवून दोरा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ‘हात चांगला आहे गं तुझा. मोजलं नाहीस.’ मला राग आला. गणितात पैकीच्या पैकी घेणाऱ्या मुलीला हे ऐकवायचं?

बाईंचं बरोबर होतं हे कळायला मला सत्तावीस वर्षं लागली. २०२० च्या टाळेबंदीत लेकीसाठी क्रोशाचं माकड करायला घेतलं. जपानी लोक अशा विणलेल्या बाहुल्यांना अमिगुरुमी म्हणतात. तुमच्या झुलीकडे पाहा म्हणजे सांगते. मध्यभागी ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत १२, मग १८, २४, ३०. दर फेरीला सहाच वाढवायचे. का सहा? मुका खांब जेवढा उंच, साधारण तेवढाच रुंद. एक फेरी घातली की त्रिज्या एका टाक्याने वाढते, म्हणजे परीघ दोन पायने वाढायला हवा, सहा पूर्णांक आणि थोडं. म्हणून सहा. त्याहून कमी वाढवले की कडेला कापड अपुरं पडतं आणि वाटी होते. माझा रुमाल म्हणजे हेच होतं. टोपी हवी असेल तर वाढवणं मुद्दाम थांबवायचं. मी दिवसभर ऑफिसात ज्याला लूप म्हणते, ते बाई फळ्यावर न लिहिता शिकवत होत्या.

आणि सहापेक्षा जास्त वाढवले तर? कडेला झालर पडते, कोबीच्या पानासारखी. कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या, मूळच्या लाटव्हियाच्या दायना तैमिन्या यांनी १९९७ मध्ये नेमकं हे केलं. भूमितीच्या तासाला आपण घोकलं होतं की रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते. ज्या पृष्ठभागावर हे खरं नसतं, अशी अतिपरवलयी भूमिती गणितज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती. पण ती हातात धरता येईल असं टिकाऊ प्रारूप नव्हतं. कागदाची होती, ती फाटत. तैमिन्यांनी ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवत ते लोकरीचं विणलं. त्यावर दोऱ्याने रेषा घालून दाखवता येतं की एका बिंदूतून एकीला न छेदणाऱ्या कितीतरी रेषा जातात. त्यांच्या पुस्तकाला २०१२ मध्ये अमेरिकेतल्या गणित संघटनेचं ऑयलर पारितोषिक मिळालं. मांडीवर भूमितीची वही लपवून मी ज्या तासाकडे दुर्लक्ष करत होते, त्या तासाला भूमितीच चालली होती.

वहीतली दुरुस्ती

हत्ती करायला आम्ही पाच रविवार जमलो. ‘ब’ तुकडीतल्या त्या मुलाचा टाका आमच्या सगळ्यांपेक्षा एकसारखा निघाला. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, ‘आम्हाला हे का नाही शिकवलं? आमच्या मेणबत्त्या तर कधी पेटल्यासुद्धा नाहीत.’ यावर आम्ही हसलो, पण त्याला उत्तर कुणाकडे नव्हतं.

मी ११० मिनिटांचा हिशेब सगळ्यांपुढे मांडला आणि ‘हौस’ खोडून ‘मजुरी’ लिहावं का, असं विचारलं. आमच्यातली एक मैत्रीण गेली चार वर्षं क्रोशाच्या बाहुल्या करून विकते. (नाव छापू नको असं तिने बजावलं आहे.) तिला लोक सर्रास विचारतात, ‘एवढीशी बाहुली आणि सातशे रुपये? लोकर तर शंभराची असेल.’ मला वाटलं ती लगेच हो म्हणेल. ती म्हणाली, ‘हौस खोडू नको. हौस नसती तर मी हे केलंच नसतं, आणि विकणाऱ्याला हौस नसावी असं थोडंच आहे? पण तास लिही. तास लिहिले नाहीत की लोकांना वाटतं, हे आपोआप झालं.’

वहीत आता अशी नोंद आहे: ‘हत्ती, ८० नग. साहित्य १७६० रुपये. श्रमदान १४७ तास, पाच जणांचे. हौसेने.’ खजिनदारांनी त्यावर सही केली आहे. लेखापरीक्षण करणाऱ्या आपल्या मित्राने शेजारी प्रश्नचिन्ह काढलंय, ते राहू दे.

यात एक चूक आहे, तीही सांगते. तास पाच जणांचे नाहीत, सहा जणांचे आहेत. बाईंना आम्ही संमेलनाचं आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा हत्ती दाखवला. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांनी झूल उलटी करून पाहिली, बोटाने फेऱ्या मोजल्या आणि सुई मागितली. सुईत दोरा ओवणं आता जमत नाही, पण क्रोशाच्या सुईला ओवावं लागत नाही. पुढच्या दहा दिवसांत त्यांनी सहा झुली विणून पाठवल्या. त्या सहा हत्तींवर आहेत. कोणत्या, ते मी सांगणार नाही. ज्यांच्या झुलीचा गोल टेबलावर अगदी सपाट बसतो, त्यांनी मोजून पाहावं.

शेवटी हत्तीची निगा: गरम पाणी नको, यंत्रात टाकू नये. धूळ बसली तर ओल्या फडक्याने पुसावा. टाचण्या खोचायला हरकत नाही, त्यासाठीच तो मुळात जन्मला होता. घरात लहान मूल असेल तर मात्र डोळ्यांचे मणी आधी काढून तिथे काळ्या दोऱ्याच्या गाठी माराव्यात आणि हत्ती त्याच्या हाती द्यावा.